जुन्या वाडीतली गाडी

“मिस्तरी, आदीच सांगून ठिवतो,” होडी काठापासून ढकलताना जानकू म्हणाला, “मी तिथं उतरनार न्हाई. तुमी जायचं, तुमचं नट काडायचं आन माघारी यायचं. दुपारच्याला वारं सुटतं. त्याच्या आत यायचं.”

“आन न्हाई आलो तर?” संपतने विचारलं.

जानकूने वल्हं पाण्यात टाकलं.

संपत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसला. पिशवीत पाने, हातोडा, छिन्नी, चिंध्या आणि रॉकेलची बाटली. त्याला पोहता येत नव्हतं, आणि हे त्याने जानकूला सांगितलं नव्हतं. दोन हजार तीनच्या त्या उन्हाळ्यात डिंभे धरणाचं पाणी कधी नव्हे इतकं उतरलं होतं. डोंगराच्या कडेकडेने ओल्या मातीचे पट्टे उघडे पडले होते आणि समोर, पाण्यातून वर आलेल्या उंचवट्यावर, जुनी वाडी दिसू लागली होती. छपरं नसलेल्या भिंती, एक वडाचं काळं खोड, देवळाचा चौथरा.

घोडेगावात संपतचं पत्र्याच्या शेडमधलं गॅरेज होतं. नव्या गाड्यांची पोरं आता मंचरच्या शोरूमला जायची. त्याच्याकडे यायच्या त्या लुना, जुन्या राजदूत, पाण्याची इंजिनं. अशात अवसरीच्या सुदर्शनने त्याच्या आजोबांची इंग्लंडची मोटारसायकल टेम्पोत घालून आणली. “संपतभाऊ, ही चालू झाली पायजे. दुसऱ्या कुनाकडं मी नेनार नाय,” तो म्हणाला होता. संपतने सगळी गाडी खोलली, धुतली, जोडत आणली. आणि इंजिनाचं डोकं घट्ट धरणारे जे चार लांब नट असतात, त्यांतल्या तीन नटांचे आटे त्याच्याच हातून गेले. जरा जोर लावला आणि गेले.

त्या नटांना इंचाला सव्वीस आटे. आपल्याकडचा एकही नट त्यावर चढेना. पुण्याच्या जुन्या बाजारात दोनदा हेलपाटे झाले. आळेफाट्याच्या टर्नरने लेथवर करून दिले, ते इंजिन तापल्याबरोबर ढिले पडले. सुदर्शनने तोंडावर काही म्हटलं नाही, पण परवा येऊन गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, “अक्षयतृतीयेपर्यंत बघू. मग मी पुन्यात नेतो.” संपतला त्या रात्री जेवण गेलं नाही.

तशीच दुसरी गाडी या मुलखात एकच होती. सावळेराम हिरड्याच्या व्यापाऱ्याकडे मुकादम होता. डोंगरातल्या लोकांकडून हिरडा गोळा करायला व्यापाऱ्याने त्याला ती दिली होती. नऊ वर्षांपूर्वी धरण भरलं तेव्हा गाडी वाडीतच राहिली, आणि सावळेरामही. जानकू त्याचा धाकटा भाऊ.

संपत पहिल्यांदा विचारायला गेला तेव्हा जानकूने जाळ्यावरून मान वर केली नव्हती. दुसऱ्यांदा त्याची बायको लंकाबाई दारात आडवी उभी राहिली. “त्या गाडीचं नाव काडू नका आमच्या घरात. तिच्यासंगं आमचा मानूस गेला.” आणि मग काल, बाजाराच्या दिवशी, जानकूच गॅरेजवर आला. “उद्या या सकाळच्याला,” एवढंच बोलून निघून गेला.

“तुमचं मन कसं वळलं, जानकूभाऊ?” संपतने आता विचारलं.

“पानी उतारल्यापास्नं रोज दिसतीया वाडी. नेऊन टाका त्या गाडीचं काय न्यायचं ते. नट न्या, न्हाईतर अख्खी न्या.” वल्ह्याचे तीन-चार फटके झाले. मग पाण्याकडे बघतच तो म्हणाला, “धरनाच्या कागदावर मी पैल्यांदा सही केली. प्लाट घेतला, वढ्याच्या पल्याड घर बांदलं. तवा तो म्हनला, तू माजा भाऊ न्हाईस. तुज्या दारात पाऊल ठिवनार न्हाई. समदी वाडी उठली, हा येकटाच ऱ्हायला. पानी चडाया लागलं तरी ऱ्हायला. आन पावसाच्या रातीला गेला. वढ्यात सापडला खाली. लोक म्हनत्यात, त्यानं पान्याला जीव दिला.”

“आन तुमी?”

“मी बी त्येच म्हनतो. माज्या दारात यायापरीस त्याला पानी बरं वाटलं.”

होडी चिखलाला टेकली. जानकूने वल्हं रोवून होडी धरली आणि वाडीकडे पाठ करून बसला.

वरचा गाळ वाळून भेगाळला होता. त्याच्यावर पाय ठेवला की तो पापडासारखा वाजायचा आणि खालचं ओलं जाणवायचं. संपत दगड बघून, भिंतीच्या कडेकडेने चालत गेला. सावळेरामचं घर चौथऱ्याच्या मागे, असं चहाच्या टपरीवर कळलं होतं. गोठ्याची एक भिंत शिल्लक होती. तिच्या आडोशाला गाळातून हँडल वर आलं होतं.

तो गुडघ्यावर बसला आणि हातांनी गाळ उपसू लागला. टाकी कुजून गेली होती. पण इंजिन तेलाने माखलेलं असतानाच गाळात गेलं होतं. चिंधीने पुसलं तसा काळा, तुकतुकीत लोखंडाचा पृष्ठभाग दिसला. चार नट. चारही जागेवर. त्याने रॉकेल ओतलं, चिंधी पेटवून नटांभोवती फिरवली, पाना लावला. इथे घाई केली तर आटे जातील. हातोड्याने हलके टोले देत, पाना थोडा पुढे, थोडा मागे, असं करत राहिला. पहिला नट किर्र करून फिरला. आटे शाबूत होते. दुसऱ्याला बराच वेळ लागला, पण तोही आला.

तिसऱ्याला पाना लावताना त्याचा हात थांबला. इंजिनाच्या बाजूला प्लगची जागा रिकामी होती. खाली गाळात चाचपलं, तर प्लगचा पाना हाताला लागला आणि त्या पान्यात प्लग तसाच बसलेला. कुणीतरी गाडी सुरू होत नाही म्हणून प्लग काढला होता, पुसायला.

पाण्याला जीव द्यायला निघालेला माणूस प्लग कशाला काढील?

संपतने मागच्या बाजूचा गाळ उपसला. कॅरियरवर काहीतरी गोल होतं, तारेने आवळून बांधलेलं. पितळी हंडा. तोंडावर ताट झाकून तेही तारेने बांधलेलं. त्याने छिन्नीने तार तोडली, ताट उचकटलं. आत गाळाचं पाणी. त्यात हात घातला आणि बोटांना लहान लहान पत्रे लागले. एक बाहेर काढून अंगठ्याने पुसला. घोड्यावरचा खंडोबा.

देवघरातले टाक होते ते. घरचे देव. घर कायमचं सोडतानाच माणूस ते हलवतो.

अंगावर गार झुळूक आली तेव्हा संपत भानावर आला. पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. त्याने हंडा उचलून छातीशी धरला, पिशवी खांद्याला लावली आणि सरळ होडीच्या दिशेने चालू लागला. येतानाची भिंतीची कड त्याच्या लक्षातच राहिली नाही. चौथरा ओलांडल्यावर चारेक पावलं गेला असेल, पायाखालचा पापडा फुटला आणि तो मांडीपर्यंत आत गेला.

एक पाय उपसायला गेला तर दुसरा आणखी खाली जात होता. गाळ कंबरेला लागला.

“जानकूभाऊ! ओ जानकूभाऊ!”

होडी वाऱ्याने आडवी होत होती. जानकू उठून उभा राहिला होता. तो काठाकडे बघत होता की परतीच्या वाटेकडे, ते इथून कळत नव्हतं. त्याने वल्हं चिखलातून उपटलं.

“मला सोडून जाऊ नका! देव! जानकूभाऊ, देव!”

जानकू तसाच उभा होता. जिवाच्या भीतीने हा देवाचा धावा करतोय, असं त्याला वाटलं असावं. संपतने दोन्ही हातांनी हंडा डोक्यावर उचलला. त्याबरोबर तो आणखी वीतभर आत गेला.

“तुमच्या घरचं देव हायेत ह्यात! सावळेरामभाऊनं बांदल्यालं!”

जानकूने होडीतली फळी उचलली आणि उडी टाकली.

त्याला गाळ ओळखीचा होता. फळी आडवी टाकून तो तिच्यावर पालथा पडला. आधी हंडा घेतला, मागे ठेवला. मग संपतच्या काखेत हात घालून म्हणाला, “पाय झाडू नका. आडवं व्हा. माज्या अंगावर पडा.” दोघंही चिखलात लोळत, धापा टाकत चौथऱ्याच्या दगडाला लागले. संपतच्या दोन्ही चपला गाळातच राहिल्या.

जानकूने हंड्यात हात घातला. एकेक टाक काढून दगडावर मांडला. मग उठला आणि गोठ्याकडे गेला. नऊ वर्षांत त्याने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं.

संपत मागून आला. सांगावं की न सांगावं, हे त्याला समजत नव्हतं. पण जानकूच गाडीकडे बोट करून म्हणाला, “हे काय झालं, मला सांगा.”

“ते निगालं व्हते, भाऊ. देव बांदून निगालं व्हते. गाडी चालू झाली न्हाई. पावसात प्लग भिजला आसंल. त्यांनी काडला, पुसून बगितलं, तरी न्हाई झाली.”

“मग देव हितं ठिवून का गेला?”

“गाडी भिंतीच्या आडोशाला व्हती. माघारी यायचं व्हतं त्यांना. गाडी ढकलायला कुनाला तरी आनायला गेलं आसतील.”

“कुनाला?”

ओढ्याच्या पलीकडे तेव्हा एकच घर होतं.

जानकू गाडीशेजारी खाली बसला. हँडलवर हात ठेवला. वारा आता कानात घुमायला लागला होता आणि होडी चिखलावर आपटत होती. तो म्हणाला, “मी जागाच व्हतो त्या रातीला. पावसाचा आवाज लई व्हता. हाक मारली बी आसंल.”

“पावसात कुनालाच ऐकू येत न्हाई, भाऊ.”

“तुमचं नट निगालं?”

“दोन निगालं. पन ऱ्हाऊ द्या आता. वारं सुटलंय.”

“किती लागत्यात?”

“तीन.”

“मग काडा तिसरा. मी धरतो.”

त्याने दोन्ही हातांनी इंजिन कवटाळून धरलं. संपतने पाना लावला आणि टोले द्यायला सुरुवात केली. प्रत्येक टोल्याला जानकूचे दात आवळले जात होते. नट हलेना. संपतने पान्यावर अंगाचा भार टाकला. “जोर लावू नका,” जानकू हळूच म्हणाला, “दमानं.” शेवटी नट फिरला. चौथा संपतने तसाच राहू दिला.

परतताना लाटा होडीच्या आत येत होत्या. जानकूने हंडा संपतच्या मांडीवर दिला आणि उभ्याने वल्हं मारत राहिला. संपतने डोळे मिटून हंडा धरला होता. त्याला पोहता येत नाही हे जानकूला बहुधा कळलं होतं. दोनदा होडी कलली, आणि दोन्ही वेळा जानकू “काय न्हाई, काय न्हाई,” असं म्हणाला.

ते तीन नट सुदर्शनच्या गाडीला बसले. अक्षयतृतीयेला तो गाडी चालवत अवसरीला घेऊन गेला, वाटेत लोक थांबून बघत होते म्हणे. संपतला त्याचं समाधान वाटलंच. पण ते नंतरचं.

त्या दुपारी काठाला लागल्यावर संपतने आपली राजदूत बाभळीखालून काढली, किक मारली आणि म्हणाला, “बसा भाऊ, घरापर्यंत सोडतो. ऊन लई हाय.”

जानकूने मान हलवली. टाक ठेवलेला हंडा त्याने खांद्यावर घेतला होता. चिखल वाळून अंगावर त्याची कवचं झाली होती. त्याने पायातल्या चपला काढल्या, संपतच्या अनवाणी पायांपुढे ठेवल्या, आणि तापलेल्या डांबरावरून चढ चढू लागला.

संपतने गाडी बंद केली. त्या चपला हँडलला अडकवल्या आणि गाडी हाताने ढकलत, दोन पावलं अंतर ठेवून, तो त्याच्या मागे अनवाणीच चालत राहिला.