फाटक्या कानाची

लुंगिलेने डोक्याच्या रुमालाने दुर्बिणीची काच पुसली आणि ती पुन्हा डोळ्यांना लावली. पाणवठ्याच्या मधोमध थोडा चिखल उरला होता. कडेला एक तरस बसलं होतं. बाकी कालपासून काही नाही.

दुर्बीण बाबांची. अभयारण्यातल्या या पाणवठ्याचा पंप त्यांनी आयुष्यभर चालवला. हिवाळ्याच्या तोंडाशी ते गेले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही आणि पंपही बंद पडला. लुंगिले बुलावायोला प्राणिशास्त्र शिकत होती. अभ्यासाच्या निमित्ताने ती बरंच हिंडली होती. गेंडे, रानकुत्रे, सगळं पाहून झालं होतं. या वेळी मात्र ती एकाच प्राण्यासाठी आली होती. डाव्या कानाची चिंधी झालेली एक म्हातारी हत्तीण. बाबा तिला थोरली बहीण म्हणत.

न्द्लोवू म्हणजे हत्ती. तेच त्यांचं आडनाव, तेच कुळाचं देवक. घरातलं माणूस गेलं की कुळातल्या प्रत्येकाला समक्ष जाऊन सांगायचं असतं. सगळ्यांना सांगून झालं, तेव्हा आत्याच म्हणाली होती, "एक राहिली."

"काय गं हत्तीबाई," वनरक्षक सिबांदा मचाणाखालून ओरडला, "नातेवाईक रुसले की काय?"

"तुझ्यासारखे सिंह टपून बसल्यावर येतील कसे?"

सिबांदा म्हणजे सिंह. ही चेष्टा त्याची आणि बाबांची जुनी. एरवी तो वरचढ उत्तर दिल्याशिवाय राहिला नसता. आज त्याने टोपी काढली आणि तिच्या आतच बघत राहिला.

"तिलाच सांगायला हवं का? दुसरी एखादी नाही चालणार?"

लुंगिलेने दुर्बीण खाली घेतली.

"कधी?"

"मागच्या महिन्यात. दुष्काळात हत्ती मारून गावांना मांस वाटायचा हुकूम आला. कळप पळाला. ही म्हातारी पाण्यापासून हलेचना."

"मग काल का नाही बोललास?"

"तू बसली होतीस ना तिथे. अगदी बापासारखी. तोंडच उघडेना."

त्याने तिला गाडीतून आत्याच्या गावापर्यंत सोडलं. वाटेत मक्याची शेतं जळल्यासारखी उभी होती.

दरवेळी आत्या तिला लांबून पाहताच हाक मारायची, "मान्द्लोवू!" न्द्लोवूंची लेक. सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी. आज ती चुलीपाशीच बसून राहिली.

"आलीस, लुंगिले? बैस."

तिने मक्याची घट्ट उकड वाढली. शेजारी वाडग्यात रस्सा आणि मांसाचे काळपट तुकडे.

"कसलं आहे?"

"वाटपातलं. वाळवून ठेवलं होतं." आत्याने चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं. "वाटणारा आडनाव विचारत होता. न्द्लोवू म्हटलं की हसायचा, म्हणायचा, 'आजी, तुम्हाला नाही चालत, व्हा बाजूला.' आता नाही चालत, ते खरंच आहे."

"मग?"

"सिबांदा सांगितलं मी. सिंहाला काय, काहीही चालतं."

लुंगिले बघत राहिली.

"अशी बघू नकोस. किती दिवस नुसती मिठाची उकड खाल्ली, तुला कळवलं नाही. तुझी परीक्षा होती."

"देवक खाल्लं तर दात गळतात. तूच सांगायचीस."

आत्याने तोंड उघडून दाखवलं. "गळायला राहिलेत कुठे?"

ती हसली. लुंगिले हसली नाही, तशी तीही थांबली. वाडग्यावर माशी बसली होती, ती तिने हाताने हाकलली.

"सांगितलंस तिला?"

लुंगिलेने हात धुतले. बोटं एकेक करून पुसली.

"सांगितलं."

"काय केलं तिने?"

"काही नाही. ऐकून घेतलं."

आत्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग वाडगा तिच्याकडे सरकवला.

"खा, लुंगिले."

लुंगिले थोडी थांबली. ‘मान्द्लोवू’ ही हाक काही आली नाही. तिने उकडीचा घास मोडला आणि रश्श्यात बुडवला.