अर्ध्या ओळीतला श्वास

मुलगी खोडरबराने शेवटची खूण पुसत होती, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून एक हात आला आणि तिच्या मनगटावर दोन बोटं टेकली.

"हे काय केलंस?"

दुसरी फ्लूट वाजवणाऱ्या बाई होत्या. वाद्यवृंदातले पांढऱ्या केसांचे लोकसुद्धा त्यांना ताईच म्हणत. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि वाचायची वेळ आली की तोच सापडत नसे.

"साफ केलं," मुलगी म्हणाली. "शाळेत सांगतात, जुनं नोटेशन हातात आलं की आधीच्यांच्या पेन्सिलीच्या खुणा पुसायच्या. आपल्या आपण करायच्या."

"शाळेत सांगतात." ताईंनी फुंकर मारून रबराचा चुरा उडवला. ओळीच्या मधोमध श्वासाची खूण होती, ती गेली होती. पण इतक्या वेळा गिरवली गेली होती की कागदावर तिचा खळगा राहिला होता. "बरं, गेलं ते गेलं. श्वास मात्र तिथेच घे."

"तिथे? ताई, तिथे सूर चढतोय. ओळ तुटेल."

"तुटू दे."

मुलीने खोडरबर पेटीत टाकलं. तिला ती ओळ तोडायची नव्हती. कलाशाळेची बारा मुलं दर वर्षी एका कार्यक्रमापुरती या मोठ्यांच्या शेजारी बसून वाजवत, आणि त्यातल्या एकाला वर्षभरासाठी इथली खुर्ची मिळे. निवडणाऱ्या तिघांत तिचे शाळेतले सर होते. ते महिनाभर एकच सांगत होते, "ही अख्खी ओळ एका श्वासात शाळेत फक्त तुला जमते. तेवढं दाखव, बाकी माझ्यावर सोड." खुर्ची मिळाली नाही, तर पुढच्या महिन्यापासून मावशीचा छापखाना. मावशीने तिच्यासाठी स्टूलसुद्धा पुसून ठेवलं होतं.

तालीम सुरू झाली. संथ भाग आला, आणि तिने पोट भरून हवा घेतली. सूर सरळ निघाला, चढू लागला, आणि खळग्यापाशी तिच्या लक्षात आलं की ती एकटीच वाजवते आहे.

सगळे थांबले होते. व्हायोलिनचे गज तारांवरून बोटभर वर उचललेले. चेलोवाल्याचे डोळे मिटलेले. संचालकाची काठी हवेत. मग, कुणी सांगितल्यासारखे, सगळे एकदम पुन्हा सुरू झाले. तोवर ती दोन मात्रा पुढे गेली होती.

"पुन्हा," संचालक म्हणाला.

पुन्हा तेच झालं.

"सर, इथे थांबायचं असं लिहिलेलं नाहीये," तिने धीर करून म्हटलं.

संचालक तरुण होता, दोनच वर्षांपूर्वी आलेला. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं.

"माझ्याकडेही लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "मी थांबवत नाही. हात थांबतो." मागे कुणी हसलं नाही. "पुढे जाऊ या."

मधल्या सुट्टीत ताईंनी तिला जिन्याखाली नेलं. चहाचा कप तिच्या हातात दिला आणि स्वतःचा विसरल्या.

"तुझ्या खुर्चीत सव्वीस वर्षं भाऊ बसायचे. शेवटी शेवटी छाती साथ देईना. त्या ओळीत मधेच दम जायचा. तोंडाने कधी म्हणाले नाहीत, पण आम्हाला ऐकू यायचं ना! मग आम्हीच थांबायला लागलो. भाऊंचा श्वास भरला की पुढे."

"आणि आता?"

"भाऊंना जाऊन सहा वर्षं झाली."

"मग आता कशाला थांबता?"

ताईंनी पर्समधून फोन काढला, इअरफोनची एक गोळी तिच्या कानात घातली. गेल्या वर्षीचा कार्यक्रम. सूर चढला, थांबला. त्या शांततेत कुणीतरी श्वास घेतला. ओला, लांब, मधेच अडकून पुन्हा ओढलेला.

"आजारी होते का वाजवणारे?"

"हे आत्ताचे पहिले फ्लूटवाले. रोज सकाळी आठ किलोमीटर पळतात." ताईंनी गोळी काढून घेतली. "तू लहान आहेस, तुला घाबरवत नाहीये. कुणी त्रास देत नाही गं. फक्त भाऊंचा श्वास भरत नाही. दर वेळी आपण आधीच पुढे निघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तिच्या अंबाड्यात चौदा पिना खोचल्या. चौदावी दातांतून काढत म्हणाली, "ठमे, मान हलवलीस तर मी खालून ओरडेन."

"आई, तू टाळ्यासुद्धा चुकीच्या जागी वाजवतेस. गप्प बस हं तिथे."

"बसते बाई." आईने तिचे दोन्ही गाल ओंजळीत घेतले. नको तितका वेळ. "खाल्लंस का नीट?"

अकराचा कार्यक्रम. पहिल्या फ्लूटवाल्यांनी आपली खुर्ची तिला दिली आणि ते विंगेत जाऊन उभे राहिले. दुपारी चारला हाच कार्यक्रम पुन्हा होता, तेव्हा ते स्वतः वाजवणार होते. प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत आई, पाचव्या रांगेत मांडीवर वही घेतलेले सर.

संथ भागाआधी मुलीने ठरवलं होतं. एका श्वासात. बाकीचे थांबले तर थांबोत. दोन मात्रांनी चुकले तर ते चुकले, ती नाही.

तिने हवा घेतली. सूर निघाला. चढला. खळगा आला, आणि तिच्याभोवती सगळं थांबलं.

तिच्या डाव्या कानाशी, ताई बसतात त्याच्या दुसऱ्या बाजूला, जिथे खुर्चीच नव्हती, कुणीतरी श्वास ओढला. मानेवरचे बारीक केस त्या ओढीने हलले. हवा आत जाता जाता अडकली. पुन्हा ओढली. तिला तिच्या धाकट्या भावाची आठवण झाली, तापात रात्रभर आई त्याला उभा धरून बसायची तेव्हाची. आई तेव्हा स्वतःचा श्वाससुद्धा हळू घ्यायची, जणू खोलीतली हवा मोजकीच आहे.

मुलीने सूर तिथेच थांबवला.

ओठ तसेच ठेवले. छातीत होती ती हवा धरून ठेवली, नवी घेतली नाही. कडेने दिसलं, व्हायोलिनचे गज सवयीप्रमाणे खाली यायला निघाले. तिने मान किंचित हलवली. नको. अजून नाही. गज थबकले. संचालकाने तिच्याकडे पाहिलं आणि काठी तशीच धरली. कानाशी श्वास चढत गेला, चढत गेला, आणि एका जागी, भांडं काठोकाठ भरावं तसा, आवाज न करता थांबला.

तेव्हा तिने उरलेल्या हवेवर पुढची अर्धी ओळ वाजवली. शेवटच्या सुराला डोळ्यांपुढे काळे ठिपके आले, सूर दोऱ्याएवढा बारीक झाला. पण पोचला.

जेवणाच्या सुट्टीत सर तिला कॉरिडॉरमध्ये भेटले. वही मिटलेली होती.

"एका श्वासात म्हणालो होतो ना मी?"

"घेतला नाही, सर."

"अगं, पाचव्या रांगेपर्यंत ऐकू आला. दम्याच्या माणसासारखा. वर ते एवढं मोठं खिंडार!"

"मी थांबले, सर. श्वास नाही घेतला."

सरांनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं. चुकलेल्या मुलाकडे नाही, खोटं बोलणाऱ्या मुलाकडे माणूस जसं बघतो, तसं. मग वही काखेत मारून ते निघून गेले.

खुर्ची व्हायोला वाजवणाऱ्या मुलाला मिळाली. दारावर कागद लागला तेव्हा मुलीने तो दोनदा वाचला. ताईंनी मागून येऊन तिच्या खांद्यांवर हात ठेवले.

"मी खांदे बघत होते तुझे," त्या म्हणाल्या. "हलले नाहीत." पुढे काही म्हणायचं होतं त्यांना, पण त्या आपला चष्मा शोधायला लागल्या.

चारच्या कार्यक्रमाला ती आईच्या शेजारी बसली. जायचं का घरी, असं आईने दोनदा विचारलं होतं. मावशीला मीच फोन करते, असंही म्हणाली होती.  बसू या, मुलगी म्हणाली.

संथ भाग आला. पहिल्या फ्लूटवाल्यांनी स्वच्छ, गोल सूर लावला. सूर चढला. त्या जागी त्यांनी फ्लूट ओठांपासून जराशी दूर केली, वर्षानुवर्षांच्या सवयीने.

बाकी कुणीच थांबलं नाही.

व्हायोलिन पुढे गेली. चेलोवाल्याने डोळे उघडले, पण गज चालतच राहिला. संचालकाचा हात वाहत्या पाण्यासारखा त्या जागेवरून निघून गेला आणि त्याने चमकून आपल्याच हाताकडे पाहिलं. पहिल्या फ्लूटवाल्यांनी घाईघाईने सूर धरला, दोन मात्रा मागे. ताईंनी फ्लूट मांडीवर ठेवली होती. पुढ्यातलं नोटेशन सोडून त्या प्रेक्षकांतल्या अंधारात रांगांमागून रांगा शोधत होत्या.

आईला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण एवढं तिलाही कळलं. ती मुलीच्या कानाशी वाकली.

"ते चुकले का गं?"

"नाही," मुलगी म्हणाली. मग बऱ्याच वेळाने तिने एक मोठा श्वास घेतला आणि आईचा हात धरला. "श्वास भरला, हे त्यांना अजून कुणी सांगितलं नाहीये."