दोन्ही निगेटिव्ह

विहीणबाईंनी मांजराचा ट्रे दोन बोटांत धरून बाल्कनीतून थेट जेवणाच्या टेबलापर्यंत आणला.

"बघा. डोळ्यांनी बघा. पोटुशी पोर ज्या घरात श्वास घेते, त्या घरात ही घाण."

काकूंनी वर्तमानपत्राची घडी घातली. "श्वासातून होत नाही ते. आणि बाल्कनीत होती ती घाण तुम्ही टेबलापर्यंत आणलीत. ट्रे जागेवर ठेवा आणि हात धुवा. साबणाने, वीस सेकंद."

"शिकवा, शिकवा मला. दोन बाळंतपणं केलीत मी."

"वीस सेकंद," काकू म्हणाल्या.

इमारतीत त्यांना सगळे लॅबवाल्या काकू म्हणत. एकतीस वर्षं त्या एकाच लॅबमध्ये रक्त तपासत होत्या. दोन वर्षांपूर्वी मुलाकडे राहायला आल्या तेव्हा सामानात एक कपाट, एक खुर्ची आणि चिंधी. चिंधी त्यांना लॅबच्या मागच्या जिन्यात सापडली होती, भिजलेल्या फडक्यासारखी. त्याला अकरा वर्षं झाली. "लोकांच्या सासवा दागिने घेऊन येतात, माझी मांजर घेऊन आली," असं सून मैत्रिणींना फोनवर सांगायची, दार उघडं ठेवून.

मागच्या वर्षी सुनेचं दोन महिन्यांचं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं कधीकधी, कुणाची चूक नाही. पण चूक कुणाचीच नसली की माणसाला चैन पडत नाही. त्या दिवसापासून सून चिंधीकडे वेगळ्या नजरेने बघू लागली. आता चौथा महिना होता आणि विहीणबाई मुक्कामाला आल्या होत्या.

"मी स्पष्टच बोलते," सून म्हणाली. ती दारात उभी होती, हात पोटावर. "या घरात एक तर मांजर राहील नाहीतर मी. मी मम्मीकडे जाईन."

"आई, तूच काहीतरी बघ ना," मुलगा म्हणाला. तो भांडणात नेहमी मोबाइलकडे बघून बोलायचा.

"मीच बघते आहे एकतीस वर्षं," काकू म्हणाल्या. "पोटातल्या बाळाला धोका असलेला तो जंतू मांजराच्या विष्ठेतून पडतो, खरं आहे. पण कधी? मांजराला पहिल्यांदा लागण झाली की पुढे दोन-तीन आठवडे. आणि पडल्या पडल्या तो लागत नाही, त्याला एक दिवस तरी जावा लागतो. ट्रे मी रोज सकाळी साफ करते, हातमोजे घालून. लोकांना जास्त करून होतं ते अर्धकच्च्या मांसाने, मातीने आणि न धुतलेल्या भाजीने. काल या बाईंनी कोथिंबीर नुसती झटकून घातली आमटीत. त्या कोथिंबिरीला कुणी घराबाहेर काढलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"मला कोथिंबिरीवरून बोलणार आता," विहीणबाई आतून म्हणाल्या. नळ बंद झाला होता. वीस सेकंद झाले नव्हते.

शेवटी काकूंनीच मार्ग काढला. दोघींचं रक्त तपासायचं. सुनेचं आणि मांजराचं. रिपोर्टमध्ये धोका निघाला तर चिंधी जाईल, नाही निघाला तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. सून कबूल झाली, कारण तिला खात्री होती. काकूंनाही होती.

सुनेचं रक्त काकूंनी स्वतः काढलं. दोघी एकमेकींकडे न बघता बसल्या होत्या. "मूठ वळ," काकू म्हणाल्या. शीर पहिल्या फटक्यात सापडली, थेंब सांडला नाही. तेवढ्यापुरता सुनेने हात विश्वासाने दिला होता, आणि नंतर लगेच काढून घेतला. घरच्या माणसाची तपासणी आपण करायची नाही, हा काकूंचा नियम, म्हणून ती सहकाऱ्याने केली. चिंधीचा नमुना प्राण्यांच्या डॉक्टरांनी घेऊन त्यांच्या लॅबला पाठवला.

शनिवारी दोन्ही कागद आले. दोन्ही निगेटिव्ह.

काकूंनी ते खुर्चीत बसून दोनदा वाचले. सुनेला हा संसर्ग पूर्वी कधी झाला नव्हता, म्हणजे तिच्या अंगात त्याविरुद्ध ढाल नव्हती. मांजरालाही झाला नव्हता, म्हणजे ज्या पहिल्या लागणीत मांजर जंतू टाकतं, ती लागण अजून व्हायची होती. दोघींपैकी एकीला जरी तो जुना होऊन गेलेला असता, तरी काकू आज निर्धास्त झोपल्या असत्या. पण चिंधी अकरा वर्षांत कधी मोकळी उंबऱ्याबाहेर गेली नव्हती, शिजवलेलं आणि पाकिटातलं सोडून काही खात नव्हती. लागण येणार कुठून? काकूंनी कागद पर्समध्ये घातले.

घरी विहीणबाईंनी चष्मा लावून वाचलं. "निगेटिव्ह. दोन्ही." त्यांचा चेहरा पडला.

"चला, मिटलं," मुलगा म्हणाला.

"काळजीचं कारण नाही," काकू म्हणाल्या. ते त्या दिवशी खरं होतं. बाकीचं अर्धं त्यांनी सांगितलं नाही. जिंकलेल्या माणसाने खुलासे कशाला करायचे? सून आत गेली. विहीणबाईंनी बॅग भरली. त्या रात्री काकूंनी चिंधीला सगळ्यांसमोर मांडीवर घेतलं, मुद्दाम.

नऊ दिवस घर शांत होतं. शांत म्हणजे कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

शेजारच्या फ्लॅटमध्ये तोडफोड सुरू होती. दहाव्या दिवशी सकाळी काकू बाल्कनीत ट्रे साफ करायला गेल्या, तर वॉशिंग मशीनच्या मागे चिंधी बसली होती, तोंड चाटत. तिच्या पुढ्यात एक शेपूट होतं आणि मागचे दोन पाय. बाकीचा उंदीर नव्हता.

काकू तिथेच फरशीवर बसल्या.

"म्हातारपणी हे सुचलं तुला," त्या म्हणाल्या. चिंधी त्यांच्या गुडघ्याला डोकं घासायला लागली.

शेपूट आणि पाय कागदात गुंडाळून पिशवीत गेले. फरशी पुसून झाली. कुणी बघितलं नव्हतं. उंदरात जंतू असेलच असं कुठे होतं? शंभरात किती उंदरांत असतो? असला तरी ट्रे रोज साफ होतो. काकूंनी मनात आकडे मांडले आणि ते सगळे त्यांच्या बाजूचे निघाले. त्यानेच त्यांना शंका आली. लॅबमध्ये नव्या मुलींना त्या पहिल्याच दिवशी सांगत, रिपोर्ट मनासारखा आला की जास्त वेळ बघायचा.

दोरीवर वाळत घातलेली सुनेची ओढणी खाली पडली होती. चिंधी आता तिच्यावर जाऊन बसली.

नाश्त्याच्या वेळी काकूंनी सांगितलं. उंदीर, आणि रिपोर्टचं ते उरलेलं अर्धं.

सुनेने कप खाली ठेवला. "म्हणजे त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"त्या दिवशी धोका नव्हता. आज आहे. थोडा आहे, पण आहे."

"आई, मग सांगितलंसच कशाला आता?" मुलगा वैतागून म्हणाला. "तूच टाकून द्यायचास ना गुपचूप तो उंदीर. हात दाखवून अवलक्षण."

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. हा मुलगा आपण वाढवला, त्या मनात म्हणाल्या. "आज तिला पाठवते," त्या सुनेला म्हणाल्या. "पाच महिन्यांचा प्रश्न आहे. बाळ झालं की–"

"नाही आई. गेली ती गेली." सून फोन उचलत म्हणाली. "मम्मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती." आणि काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात तिने मम्मीला सगळं सांगितलं. पलीकडून विहीणबाईंचा आवाज खोलीभर आला. "सुंठीवाचून खोकला गेला."

दुपारी लॅबमध्ये, झाडलोट करणाऱ्या बाईंनी चिंधीची टोपली हातात घेतली. त्या गावाबाहेर बैठ्या घरात राहत. "माझ्याकडे दोन आहेत मॅडम. तिसरं उपाशी नाही राहायचं."

"तुमच्या घरात कुणी गरोदर नाही ना?"

"माझ्या घरात आता गरोदर झाली तर मांजरंच होतील."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी एक कागद दिला. खाण्याच्या वेळा, ट्रे रोज सकाळी, हातमोजे, मग हात साबणाने. खाली तारीख घातली आणि सवयीने सही केली. टोपलीतून चिंधी ओरडत होती. काकू नमुने लावायला आत गेल्या. त्या दिवशी चौसष्ट नमुने होते, एकही चुकला नाही.

संध्याकाळी घरी सून सोफ्यावर होती. तिने ओढणी पुन्हा धुवायला टाकली होती. "तुमच्या बाल्कनीत जंतुनाशक टाकलंय," ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली.

"त्या जंतूला जंतुनाशकाने काही होत नाही. उकळतं पाणी लागतं," काकू म्हणाल्या. "आणि ते काम तू करायचं नाहीस."

त्यांनी पाणी उकळलं, ट्रेवर ओतलं, फरशीवर ओतलं, वॉशिंग मशीनच्या मागे ओतलं. मग कचऱ्याची पिशवी घेऊन त्या खाली गेल्या.

परत येऊन त्यांनी दार उघडलं. नेहमीसारखं, चार बोटं. आणि आतून कुणी सटकू नये म्हणून फटीत आडवा पाय घातला.

पाय तसाच धरून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी दार सताड उघडलं.