सतरा नंबरचा पेशंट

कारध्याचे यादोराव विजेच्या खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले आणि वर्षभरातच त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं. काढलेल्या गाठीचा एक तुकडा संशोधनासाठी द्याल का, असं तिथं संशोधन करणाऱ्या रश्मी नावाच्या मुलीनं विचारलं. यादोरावांनी कागद न वाचता सही केली. बरे होऊन गावी आल्यावर मात्र ते ज्याला-त्याला सांगू लागले, "माझ्या पेशी नागपूरले नोकरीवर आहेत."

दीड वर्षानं रश्मीचं साकोलीच्या कॉलेजात भाषण ठरलं. यादोराव इस्त्रीचा शर्ट घालून बायकोला, बायजाबाईंना, घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसले.

रश्मीनं सोपं करून सांगितलं. शरीरातल्या, रोगाशी लढणाऱ्या बहुतेक टी पेशींना शत्रू ओळखायला आधी शिकावं लागतं, त्यात दिवस जातात. काही टी पेशी मात्र जन्मतःच तयार असतात. आतड्यात त्या बऱ्याच असतात आणि गडबड दिसली की लगेच धावतात.

"आता हा क्रमांक सतरा," तिनं पडद्यावर चित्र दाखवलं. "यांच्या गाठीत अशा पेशी खूप होत्या, आणि चांगल्या लढत होत्या."

यादोराव उठून उभे राहिले. "तो मीच! माझी खाट सतरा नंबरची होती."

"बसा हो," मागून आवाज आला. लाखांदूरचे तुलाराम नावाचे शेतकरी उभे होते. त्यांचंही ऑपरेशन नागपूरच्या त्याच दवाखान्यात झालं होतं आणि गाठीचा तुकडा त्यांनीही दिला होता. "माझं ऑपरेशन सतरा तारखेले झालं. पेशी माझ्या आहेत."

"तारखेले कोण विचारते? नंबर म्हणजे खाटेचा नंबर!"

"खाट तं सरकारची, तुमची कायची?"

पोरं हसू लागली. रश्मी घाईनं म्हणाली, "काका, कोणता तुकडा कुणाचा, हे मला माहीतच नसतं. तुकड्यावर फक्त आकडा येतो. नाव-गाव दवाखान्यात कुलपात असतं."

दोघांपैकी कुणालाच ते पटलं नाही. तिनं पुढचं चित्र लावलं. "हा क्रमांक बावीस. इथं मात्र याच पेशी थकल्या, आणि त्यातल्या काही तर उलट्या कॅन्सरलाच वाढायला मदत करू लागल्या. असंही होतं."

"बावीस नंबर कोणाचा जी?" एका पोरानं मुद्दाम विचारलं.

यादोराव पंख्याकडे पाहू लागले. तुलारामांना चपलेत खडा सापडला.

तेव्हा बायजाबाई उठल्या. "मॅडम, या पेशी चांगल्या असल्या तं आतड्याची दुर्बिणीची तपासणी नाई केली तरी चालते का?"

"छे! तपासणी करावीच लागते."

"मंग या माणसाले सांगा न. चार महिने झाले, तारीख चुकवून राहिले. म्हणते, आत माझे शिपाई बसले आहेत."

सभागृह दणाणलं. यादोराव मान खाली घालून पुटपुटले, "तपासणीच्या आधी ते औषधाचं पाणी प्याले लागते न मॅडम. हंडाभर! मंग दिवसभर संडासातच बसा."

"खरं आहे," तुलाराम मागून अगदी मनापासून म्हणाले. मग सगळे आपल्याकडे पाहताहेत हे त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे... मी बी नाई गेलो."

चहाच्या वेळी रश्मीनं दोघांना एकाच दिवसाची तारीख मिळवून दिली. नागपुरात यादोरावांच्या साळ्याच्या घरी दोघं उतरले. संडास एकच. ते खारट पाणी पिताना आणि दाराबाहेर ताटकळताना त्यांची बरीच भांडणं झाली. सकाळपर्यंत ते एकमेकांना अरे-तुरे करू लागले होते.

तुलारामांचं आतडं स्वच्छ निघालं. यादोरावांच्या आतड्यात मांसाचा एक छोटा कोंब, म्हणजे पॉलिप, दिसला. डॉक्टरांनी तो तिथंच काढला आणि तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत यादोराव पेशींबद्दल कुणाशीही बोलले नाहीत. तुलाराम मात्र रोज लाखांदूरहून फोन करत, "आला का रे?"

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण तसाच राहिला असता तर पुढे झाला असता, असं डॉक्टर म्हणाले.

बायजाबाई पदरानं डोळे पुसत डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्या आणि यादोरावांच्या हातात फोन दिला. "आधी तुलारामले सांगा. थो बिचारा सकाळपासून जेवला नाई."