कौसाबाईच्या तुळया

होळी दोन दिवसांवर असताना भुई हादरली. तापीकाठच्या त्या गावात माणूस दगावलं नाही, पण भिंती तडकल्या. पंधरा दिवसांनी जमिनीच्या पोटाची विद्या शिकलेला एक गोरा साहेब आला. चावडीपुढं तो इंग्रजीत बोलायचा आणि धुळ्याला शिकलेला मगन ते अहिराणीत सांगायचा. भुई हालली की उघड्यावर पळा, धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, मातीचे थर चढवू नका, भिंतीत लाकडाचे पट्टे घाला. मग साहेब घरोघर फिरला. कौसाबाईची भिंत ठोकून काहीतरी बोलला.

मगन तिचा सख्खा दीर. तोंड पाडून म्हणाला, "वहिनी, सायेब सांगस, तुन्हं घर पाडनं पडी."

"मन्ही भित ते तडकनी बी नही रे!"

"मजारमा, भितना पोटमा, पोकळ शे. सायेबले कळस का तुले?"

दीर कशाला खोटं बोलेल? वारलेल्या नवऱ्यानं हातानं रचलेलं घर तिनं पाडलं. सागाच्या सात तुळया मगननं 'सांभाळस' म्हणत गाडीत घातल्या. ती गवताच्या झोपडीत गेली. पावसाळ्याआधी त्याच तुळया मगनच्या घराला लागल्या.

"दिवाळीले तुन्हं घर बांधी दिसू," तो म्हणाला.

दिवाळी गेली. साहेब पुन्हा आला, सोबत मराठी कारकून घेऊन. मगनचं घर पाहून तो खूश झाला.

कारकून म्हणाला, "साहेब म्हणतात, गेल्या खेपेला हेच घर पडायला झालं होतं. आता बरं झालं. पण बाई, तुमचं मजबूत घर कुठं गेलं? धाब्यावरची हातभर माती तेवढी उतरवा, असं साहेबांनी सांगितलं होतं ना?"

 कौसाबाई मगनकडं वळली. तो मान वर करीना.

"सख्खा दीर शे तू मन्हा," एवढंच ती बोलली.

साहेब चावडीवर बोलू लागला. सवयीनं मगन पुढं सरकला.

"तू बस आते," कौसाबाई म्हणाली. कारकुनाचं एकेक वाक्य ऐकून तिनंच ते बायांना समजावून सांगितलं.

सांज व्हायच्या आत मगन झोपडीशी आला. "वहिनी, तुळया काढी देस."

"नको काढू. तठे पोरं निजतस. लाकूड काढं ते भित पडी."

तुळया तिथंच राहिल्या. पण मगनच्या घरचं पाणी ती पुन्हा प्याली नाही.