ईटचे ससे वाढेनात

विठाबाईंनी आयुष्यात कुणाच्या लेकराला "गुटगुटीत झालंय" म्हटलं नव्हतं. दृष्ट लागते. गावात अंगणवाडीचा वजनाचा टांगता काटा पहिल्यांदा आला, तेव्हा थोरल्याला झोळीत घालायच्या आधीच त्या त्याला घेऊन मागच्या दारानं घरी आल्या होत्या. अशा बाईवर भाची सोनालीनं सशांची वजनं सांगायचं काम सोपवलं.

सोनाली परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकत होती. आपल्याकडच्या उन्हात कुठल्या जातीचा ससा कसा वाढतो, याचं गणित तिला मांडायचं होतं, त्यावरच पदवी. पांढरे नि करडे ससे ईट गावी आत्याच्या पत्र्याच्या शेडात होते. दर रविवारी आत्यानं ते काट्यावर ठेवायचे आणि आकडा फोनवर सांगायचा.

"करडा किती भरला, आत्या?"

काट्यावर दोन किलो. विठाबाईंनी आवाज बारीक केला. "सव्वा असंल जेमतेम. लई वाळलाय बघ."

कॉम्प्युटरवर सशांच्या वजनाची रेघ जरा चढली आणि आडवी झाली. तिचे मार्गदर्शक विरेश सर म्हणाले, "उन्हानं खाल्ली वाढ." सोनालीनं शेडाला ओली पोती बांधायला लावली, औषधं पाठवली. रेघ उठेना. शेवटी गुरुशिष्या दोघंही ईटला आली.

खुराड्यात कुत्र्याच्या पिलांएवढे ससे बसले होते, प्रत्येकाच्या कपाळाला काजळाची तीट.

"आत्या, हे वाळलेले?"

"अगं हळू बोल की!"

सोनालीनं आकड्यांची वही काढली. "दर वेळी किती कमी सांगितलंत? तेवढं मिळवते."

"एकसारखं कसं? जो जास्त भरला, त्याचं जास्त कमी केलं. बारक्याचं कशाला पाडू?"

सरांनी हसू लपवायला भिंतीकडं तोंड केलं. सोनालीच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. वर्ष वाया गेलं होतं.

विठाबाई विरघळल्या. "रडू नगं. नवी पिल्लं झालीत, त्यांच्यापासनं धर. पर म्या तोंडानं सांगनार न्हाय."

"नका सांगू. फोन काट्यासमोर धरा. मी मुकाट्यानं बघते."

पुढच्या रविवारी सरांच्या खोलीत फोन लागला. पिल्लू काट्यावर बसलं. ओठ मिटून सोनाली आकडा लिहू लागली, तेवढ्यात मागून सर उद्गारले, "वा! काय भरलंय!"

पडद्यावर एकदम अंधार. विठाबाईंनी काट्यासकट पिल्लावर पदर टाकला होता.

"कोन बोललं ते? त्यास्नी आधी भाईर काढ."

सोनालीनं सरांकडं बघितलं. सर निमूट उठले आणि स्वतःच्याच खोलीबाहेर जाऊन उभे राहिले.