तिसऱ्यांदा चुकलेला पिन

मित्रांनो, मी मुकुंदवाडी स्टेशनच्या वाटेवरचं एक जुनं एटीएम आहे. तुमच्याविषयी मला फार माया आहे, असं मात्र समजू नका. कारखान्यातून आलो तेव्हा माझ्यापुढं नारळ फोडला, हार घातला. कौतुक तेवढंच. मग कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या आणि दारावर लाथा.

ती दुष्काळाची वर्षं होती. शेताच्या जागी प्लॉट पडत होते, इमारती चढत होत्या, नळाला मात्र पाणी नव्हतं. टँकरपाशी भांडून आलेली माणसं उरलेला राग माझ्यावर काढायची. माझ्यातले पैसे संपले की मला चोर म्हणायची.

अजिंठ्याकडचे कडूबा तेवढे शिव्या देत नसत. विहीर आटली तसे ते मुलाकडं, सत्यमकडं, राहायला आले होते. आकडे त्यांच्या ध्यानात राहत नसत. म्हणून त्यांनी पिन घेतला तो सरी पाडल्यासारखा. मधल्या उभ्या ओळीत वर बोट ठेवायचं आणि एकेक बटण दाबत सरळ खाली यायचं. दाबताना स्वतःशीच पुटपुटायचे, "वाकडं न्हाई जायचं."

एके दुपारी सत्यम आणि त्याची धाकटी बहीण मोनिका कडूबांचं कार्ड घेऊन आले. बोलण्यावरून मला कळलं, कडूबांच्या मेंदूत रक्त साकळलं होतं, वाचा गेली होती. ऑपरेशनआधी पैसे भरायचे होते आणि पिन दोघांनाही ठाऊक नव्हता.

सत्यमनं एक जून टाकला. गुरुजींनी शाळेत घालताना गावातल्या निम्म्या पोरांची लिहिली, तीच कडूबांची जन्मतारीख. चुकला. मोनिकानं आईच्या वर्षश्राद्धाची तारीख टाकली. तीही चुकली. मागं रांग वाढली. घरून ठरवून यायला काय झालं होतं, असं कुणीतरी सुनावलं.

"तुला म्हाईत असंल," सत्यम म्हणाला. "अण्णाचं सगळं गुपित तुझ्यापाशीच असतंय. लेकीला सांगितल्याबिगर पाणी पीत नव्हता तो."

"म्हाईत असतं तर दाबला नसता का, दादा?"

"कुणाला ठाऊक. पैसा ऱ्हाऊ दे म्हणत असशील."

मोनिकाचा चेहरा उतरला. तरी ती हळू आवाजात म्हणाली, "थांब जरा. सकाळपासून अण्णा चादरीवर बोट वरून खाली ओढायलेत. काहीतरी सांगायलेत ते."

"चादर काढा म्हणायलाय. उकडत न्हाई का त्याला? लई शहाणी झालीस तू."

मित्रांनो, त्या क्षणी मला सगळं ठाऊक होतं. पण मला घडवलंच असं की, मी फक्त चूक दाखवू शकतो, बरोबर काय ते सांगू शकत नाही. मोनिकाचा हात माझ्या बटणांपर्यंत आला होता. सत्यमनं तो झटकला आणि तोच एक जून उलटा करून टाकला.

कार्ड दिवसभरासाठी बंद झालं. त्यानं मला लाथ घातली. बहिणीला म्हणाला, "तुझ्यापायी." मग दोघं दोन वाटांनी पैशांची जुळवाजुळव करायला गेले.

कडूबांच्या अस्थी सावडल्या त्या दिवशी दोघं पुन्हा आले. सत्यम काचेबाहेरच थांबला. त्यानं कार्ड बहिणीला दिलं, तिच्याकडं न बघता. मोनिकानं मधल्या ओळीत वर बोट ठेवलं आणि एकेक बटण दाबत खाली आली. माझा पडदा उघडला. मी विचारलं, किती रक्कम?

तिनं रद्दचं बटण दाबलं, कार्ड काढून भावाच्या हातात ठेवलं आणि एकटीच स्टेशनकडं चालू लागली.

तेव्हा मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. माझ्या जागी उद्या दुसरं यंत्र येईल. तुमच्या घरात कुणाची वाचा गेली, तर आपसात भांडण्याआधी त्याच्या हाताकडं बघत जा.